हात लावून पाहा

१

आचलने मातीचा बैल दोन्ही हातांनी उचलला, तेव्हा बैलाचे धड तिच्या हातात आले आणि चारही पाय टेबलावरच उभे राहिले. दचकून तिने हात सोडले. धड फरशीवर पडून फुटले.

बैल दोन हजार वर्षांपूर्वीचा होता, निदान त्याच्या काचपेटीवर तसे लिहिलेले होते. टेबलावर मात्र वेगळी पाटी होती: ‘हात लावून पाहा’. अमरावतीतील एका खासगी न्यासाच्या संग्रहालयाने सुरू केलेल्या सहकुटुंब उन्हाळी वर्गाचे नावच ते होते. आईबापांनी मुलांना घेऊन यावे, एकत्र माती मळावी, जुन्या वस्तू हाताळाव्यात, असा उदात्त हेतू पत्रकात छापलेला होता. नऊ वर्षांच्या आचलने पाटी वाचली आणि हात लावला. छापील सूचनेवर विश्वास ठेवणाऱ्यांचे आपल्याकडे जे होते, तेच तिचे झाले.

संध्याकाळपर्यंत फाटकावर सूचना लागली. वरुडची कु. आचल हिच्या हातून अमूल्य वारसा नष्ट झाला असून पालकांनी मुलांवर संस्कार करावेत, असे तीत म्हटले होते. दुसऱ्या दिवशी एका स्थानिक वर्तमानपत्राने तेच नाव जरा मोठ्या टाइपात छापले.

त्याच दिवशी सकाळच्या बसने अकोल्याहून डॉ. जयवंता काळमेघ आल्या. प्राचीन मृद्भांडी शिकवण्यात त्यांचे आयुष्य गेले होते. पूर्णेकाठच्या उत्खननात हा बैल निघाला, तेव्हा अहवालासाठी त्याचे रेखाचित्र विद्यार्थिनी जयवंतेनेच काढले होते. आता त्याचा काळ प्रयोगशाळेत नक्की करून घ्यावा, म्हणून चिमूटभर नमुना न्यायला येत असल्याचे त्यांनी आठवड्यापूर्वी फोनवर संग्रहालयाच्या अभिरक्षकांना कळवले होते.

फाटकावरची सूचना त्यांनी दोनदा वाचली. बैलासाठी वाईट वाटायला हवे होते. त्याऐवजी त्यांना राग आला, आणि त्यांचा राग नेहमीच फार थंड असे.

२

अभिरक्षक गजेंद्र यांनी स्टीलच्या ताटात कापूस पसरून त्यावर तुकडे मांडले होते. त्यांचा चेहरा घरात मयत झाल्यासारखा होता.

“मॅडम, एक दिवस आधी आला असतात तर!”

“तर काय?”

“तर तो तुम्हाला अखंड दिसला असता.” त्यांनी उसासा टाकला. “बैल म्हणजे माझा जीव. अचलपूरजवळच्या आमच्या गावी पोळ्याचे बैल आम्ही घरीच घडवायचो. आजही माती दिसली की माझा हात शिवशिवतो.”

जयवंताबाईंनी एक तुकडा उजेडात धरला. वरून गेरूसारखा तांबडा, आतून काळा.

“गाभा काळा आहे,” त्या म्हणाल्या.

“जुन्या भाजणीत गाभा काळाच राहायचा. हे मी तुम्हाला काय सांगावं?”

हे खरे होते, आणि पदवीधराला शोभेल अशा तत्परतेने सांगितलेले होते. जयवंताबाईंनी मान डोलावली आणि प्यायला पाणी मागितले. पेला आल्यावर अर्धे पाणी त्या प्यायल्या. उरलेल्या पाण्यात त्यांनी ताटातला शेंगदाण्याएवढा कपचा सोडला. समोर चहा आला. चहाबरोबर वर्गाची चौकशी झाली, उन्हाची झाली, संस्कारांची झाली.

“बैलाचं तोंड दिसत नाही ताटात,” त्या मध्येच म्हणाल्या. “शिंगं आहेत, वशिंड आहे, शेपूट आहे.”

“चुरा झाला असेल. मुलगी घाबरून पळाली, तिच्या पायाखालीही आलं असेल.”

“आणि हा बैल पेटीतून टेबलावर ठेवला कोणी?”

“मी. लोकांना प्रतिकृतीच का द्यायच्या? खऱ्याचा स्पर्श व्हावा, ही माझी तळमळ.”

चहा संपला. जयवंताबाईंनी पेला उचलून खिडकीसमोर धरला. कपचा कुठेच नव्हता. तळाशी गाळ बसला होता आणि पाणी शेतातल्या डबक्यासारखे गढूळ झाले होते.

“गजेंद्रराव, आव्यात भाजलेली माती दोन हजार वर्षं जमिनीत राहिली तरी पुन्हा चिखल होत नाही,” त्या म्हणाल्या. “तुमचा बैल काल मोडला असेल. पण तो माझा बैल नव्हता.”

३

खरा बैल कोणीतरी नेला होता आणि जागी कच्च्या मातीचा नमुना उभा केला होता. गजेंद्र यांना हे मान्य करायला वेळ लागला नाही. गुन्हेगार शोधायला तर त्याहून कमी लागला.

“रोहित!” ते म्हणाले. “पुण्याहून आणलेला शिल्पकार. माती त्याची, हात त्याचा, आणि या बैलाचीच प्रतिकृती शिकवतो वर्गात. आणखी काय हवं?”

जयवंताबाई वर्गाच्या दालनात गेल्या. मे महिन्याच्या अमरावतीत कूलरशिवाय कोणी बसत नाही. दालनात दोन मोठे कूलर धडधडत होते. मुलांनी केलेले बैल मात्र दूरच्या कोपऱ्यात, ओल्या फडक्याखाली झाकलेले होते.

“कूलरचा झोत आणि तुषार कच्च्या मातीला चालत नाहीत,” रोहितने सांगितले. तो तिशीचा, सडपातळ आणि आधीच दुखावलेला होता. “गजेंद्र सरांनी बैलाचं टेबल नेमकं कूलरसमोर लावलं, तेव्हा मी काही बोललो नाही. भाजलेल्या बैलाला काय होणार, असं वाटलं. आता सगळे माझ्याकडेच बघतायत. मी चोर वाटतो का तुम्हाला?”

“सध्या तुम्ही फक्त सोयीचे वाटता. तुमचं काम दाखवा.”

त्याने स्वतःचा नमुना दाखवला. अहवालातले छायाचित्र समोर ठेवून केलेला, स्वच्छ, बिनचूक बैल. मग त्याने ओले फडके उचलले. खाली मुलांचे आणि त्यांच्या आयांचे बैल होते: कुणाचा डुकरासारखा, कुणाचा पाटावरवंट्यासारखा.

“शिकवून थकलो मी,” रोहित म्हणाला. “फोटो डोळ्यांसमोर आहे. यात बैलाचं नाक बंद आहे ना? तरी एकजात सगळे काडी घेतात आणि नाकातून आरपार भोक पाडतात. मुलं पाडतात, आया पाडतात, एक आजोबा आले होते त्यांनी सगळ्यात आधी पाडलं. म्हटलं, आजोबा, मूळ बैलाला भोक नाहीये. तर मलाच विचारतात, मंग वेसन कुठून ववतं बाप्पा? दावणीले कसा बांधतं?”

जयवंताबाई ओळीने सगळी नाके पाहत गेल्या. प्रत्येक नाकात भोक होते. रोहितच्या बैलाचे नाक बंद होते.

आपल्या गुरूंना विचारलेला प्रश्न त्यांना आठवला. उत्खननाच्या तंबूत रेखाचित्र काढताना त्याही थबकल्या होत्या: सर, याला वेसण का नाही? गुरू म्हणाले होते, जे नाही ते काढू नकोस.

ताटात नसलेला तुकडा कोणता, याचे महत्त्व त्यांना आता कळले.

४

आचलची आई जमुना मुलीला घेऊन भावाकडे उतरली होती. वरुडला त्यांची संत्र्याची बाग. सुटीत मामाकडे राहायचे आणि पोरीला चार गोष्टी शिकवायच्या, एवढाच तिचा बेत होता. जयवंताबाई दारात दिसताच ती कंबरेवर हात ठेवून उभी राहिली.

“तुमीबी संस्कार कराले आल्या काय?”

“नाही. बैलाची चौकशी करायला आले.”

“मंग बैलाले इचारा ना! माह्या पोरीनं पाटी वाचली अन् हात लावला. त्या पाटीवर लिवलं काहून मंग? आता कालपासून पोट्टी कशालेच हात लावून नाई राहिली. पानी मी पाजतो, घास मी भरवतो. मामानं मोबाईल देल्ला तर मागं सरकली. म्हनते, मोडन.”

आचल आतल्या दारापाशी भिंतीला टेकून बसली होती. डावा हात मांडीखाली, उजव्याची मूठ घट्ट मिटलेली.

“रातीबी मूठ सोडली नाई तिनं,” जमुना हळू आवाजात म्हणाली. “उघडाले गेली तर चावते.”

जयवंताबाई गुडघे धरत जमिनीवर बसल्या. विद्यापीठात त्यांची भाषा कठोर आणि शुद्ध मानली जाई. ती त्यांनी बाजूला ठेवली.

“आचल, त्या बैलाचं तोंड हरवलं. मी लई हुडकलं. कोनापाशी असन, तर त्यानं ते सांभाळून ठेवलं, असंच मी म्हनीन.”

आचलने मूठ पोटाशी ओढली.

“तो बैल जुना नव्हता. कोनंतरी मातीचा केला, वाळवला, रंग देल्ला अन् कूलरसमोर ठेवला. तो मोडाच्यासाठीच ठेवला होता. तुह्या जागी मी असती, तर माह्याबी हातून मोडला असता.”

“तुमाले कसं मालूम?” पहिल्यांदाच आवाज आला.

“अजून पक्कं नाई मालूम. तुह्या मुठीत हाये ते पाह्यलं, तर मालूम होईन. मले दाखवशीन?”

जमुनाने काही बोलायला तोंड उघडले आणि जयवंताबाईंनी डोळ्यांनीच तिला थांबवले. मग मूठ सुटली. घामाने भिजून तांबडा रंग मुलीच्या तळव्यावर उतरला होता. मधोमध बैलाचे तोंड होते, आणि नाकातून एक बारीक, सुबक, आरपार भोक गेलेले होते.

५

संग्रहालयात परतताना जयवंताबाईंचा युक्तिवाद जवळजवळ पूर्ण झालेला होता. रोहितने नमुना केला असता तर नाक बंद राहिले असते. डोळ्यांसमोर छायाचित्र असूनही ज्याचा हात थांबला नाही, तो माणूस बैलाच्या दावणीत वाढलेला होता. पेटीची किल्ली एकट्या गजेंद्र यांच्याकडे होती. बैल पेटीतून त्यांनीच काढला होता, कूलरसमोर त्यांनीच ठेवला होता, आणि तो जयवंताबाई येण्याच्या आदल्या दिवशी. प्रयोगशाळेत नमुना गेला असता तर बैल दोन हजार वर्षांपूर्वीचा नाहीच, हे उघड झाले असते. बैल मोडणे भाग होते, आणि अभिरक्षकाच्या हातून मोडणे शोभले नसते. शिक्षणविषयक तळमळीचे मूळ ते हे.

खरा बैल कुठे गेला, एवढेच उरले होते.

गजेंद्र यांच्या खोलीकडे जाणाऱ्या ओसरीत संग्रहालयाच्या लोकाभिमुख कार्याची छायाचित्रे टांगलेली होती. एकापाशी त्या थांबल्या. गेल्या वर्षीचा तान्हा पोळा. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी मुले लाकडामातीचे बैल चाकांच्या फळीवर सजवून ओळीत आणतात, त्याची स्पर्धा न्यासाने आवारात भरवली होती. फोटोत हारतुरे होते, रंगीत झुली होत्या. मध्यभागी न्यासाचे अध्यक्ष भगवंतराव आणि पहिल्या बक्षिसाचा चषक धरलेला त्यांचा नातू.

ओळीतल्या प्रत्येक बैलाची दोरी नाकातून ओवलेली होती. नातवाच्या बैलाची दोरी शिंगांना बांधलेली होती. त्याच्या नाकात ती ओवायला जागाच नव्हती.

जयवंताबाईंनी तसबीर खिळ्यावरून काढली आणि गजेंद्र यांच्या टेबलावर ठेवली. शेजारी आचलने दिलेले तोंड ठेवले.

“तुमचा हात त्यात बसलेला आहे, हे मान्य करायला हवं,” त्या म्हणाल्या. “इतका, की डोळ्यांचं ऐकेना. इतके महिने रोज त्या पेटीसमोरून जाताना तुम्हाला खटकलं नाही?”

गजेंद्र यांनी तोंड हातात घेतले, भोकातून पलीकडे पाहिले आणि खाली ठेवले.

“बैलासारखा बैल दिसत होता,” ते म्हणाले. मग तसबीर स्वतःकडे ओढून, “अध्यक्षांनी मागितला. एका संध्याकाळपुरता. नातवाचा हट्ट होता, सगळ्यांपेक्षा वेगळा बैल पाहिजे म्हणून.”

“आणि तुम्ही दिलात.”

“मला नेमलंय त्यांनी, मॅडम. मुलानं घरी नेताना पायरीवर आपटला. अध्यक्ष म्हणाले, गजेंद्र, तूच निपट हे.”

“तुकडे?”

“ठाऊक नाही. शपथेवर सांगतो. ते विचारायची माझी टाप नव्हती.” त्यांनी तसबीर पालथी घातली. “आणि तुम्ही विचारलंत, तर ते म्हणतील की गजेंद्रनं विकला. लोकांना तेच खरं वाटेल. तुमच्याकडे एक फोटो आहे आणि एक नाक आहे.”

हेही खरे होते. फाटकावर अजून आचलचे नाव होते.

६

भगवंतरावांचे घर अमरावतीबाहेर, मळ्यातच होते. बैठकीच्या काचेच्या कपाटात सन्मानचिन्हांची दाटी होती आणि त्यात तान्ह्या पोळ्याचा चषकही होता. सून करिश्मा पाणी ठेवून दारात उभी राहिली.

भगवंतरावांनी तसबीर लांबून पाहिली. “फोटोत तं सारेच बैल सारखे दिसतात, प्रोफेसरबाई. गजेंद्रनं काय घोळ घातला तो त्याले मालूम. चौकशी समिती नेमू.”

“समितीपुढे ठेवायला काही उरलेलं नाही, हे तुम्हाला माहीत आहे.”

“पुराव्याबिगर भल्या मानसाचं नाव घेऊ नये.”

“फाटकावर एक नाव आहे. त्याला कोणता पुरावा होता?”

“तिनं सगळ्यांसमोर मोडला.”

“तुमच्या नातवानं घरी मोडला. फरक एवढाच, की तिचे तुकडे ताटात मांडले गेले आणि तुमच्या घरचे उकिरड्यावर गेले.” जयवंताबाईंनी पाण्याचा पेला न उचलता बाजूला सारला. “मिरवला, ओवाळला, आणि मोडल्यावर शेणाच्या ढिगावर फेकला. मला बैलाचं नवल वाटत नाही. तुमच्या घराचं वाटतं.”

भगवंतरावांचा चेहरा तांबडा झाला. संग्रहालय बुडवल्याचा आरोप त्यांनी शांतपणे ऐकून घेतला असता. त्याची सवय होती. हा वेगळा होता.

“उकिरड्यावर?” ते उठून उभे राहिले. “पुजलेला बैल उकिरड्यावर? आमाले काय समजून राहिल्या तुमी? माह्या बापानं फुटकं मडकं टाकतानाबी जागा पाहून टाकलं! नवं फडकं आनलं, हयद-कुकू वाह्यलं, अन् मी सोताच्या हातानं हिरीत सोडला त्याले!”

“मामाजी,” करिश्मा दारातून म्हणाली.

पण तोवर वाक्य पूर्ण झाले होते.

“कोणत्या विहिरीत?” जयवंताबाईंनी विचारले.

भगवंतराव खाली बसले. त्यांची नजर आपोआप खिडकीबाहेर, निंबाच्या झाडाखालच्या कठड्याकडे गेली. मे महिना निम्मा सरला होता. वऱ्हाडातल्या त्या मोसमात विहिरीत काय असते हे त्या खोलीत प्रत्येकाला ठाऊक होते.

तळाच्या वाळलेल्या गाळात गाठोडे सापडले. फडके कुजले होते, हळद-कुंकू धुऊन गेले होते. बैलाचे मोजकेच तुकडे झाले होते आणि ते धारदार, कडक, घट्ट होते. कित्येक महिने पाण्यात राहून त्यांचा एक कणही विरघळला नव्हता. डोके अख्खे होते. नाक बंद होते.

“आता काय लिवान तुमी?” भगवंतरावांनी कठड्याला टेकून विचारले. त्यांचा आवाज उतरला होता. “फाटकावर नाव लावान काय त्याचं? आठ वर्साचं लेकरू हाये ते, बाई. शाळेत तोंड कसं दाखवीन?”

“आचल नऊ वर्षांची आहे,” जयवंताबाई म्हणाल्या. “लहान मुलाचं नाव कोणत्याही फाटकावर लावायचं नसतं. हे तुम्हाला कळायला तुमच्याच घरातलं मूल लागलं, एवढं मी लक्षात ठेवीन. नाव तुमचं लागेल. आणि सूचना तुम्ही स्वतः काढाल, त्याच लोकांसमोर.”

७

भगवंतरावांनी सूचना काढली, ती वर्ग भरलेला असताना. जमुनासमोर उभे राहून त्यांनी माफी मागितली. ती मागताना त्यांनी ‘अनवधान’ हा शब्द वापरला, आणि जमुना म्हणाली, “सरळ सांगा ना भाऊ, झूठ बोललो म्हना.” मग त्यांनी तसे म्हटले. अध्यक्षपद त्यांनी प्रकृतीच्या कारणास्तव सोडल्याचे वर्तमानपत्रात आतल्या पानावर, लहान टाइपात आले. गजेंद्र रजेवर गेले. मुलांच्या बैलांची नाके दुरुस्त करण्याचा नाद रोहितने सोडून दिला.

टेबल कूलरपासून दूर हलवले होते. त्यावर तीच पाटी होती, आणि पाटीमागे जयवंताबाईंनी बैलाचे डोके ठेवले. या वेळी खरे.

आया आणि मुले भिंतीलगत उभी राहिली. कोणी पुढे आले नाही. आचल सगळ्यांच्या मागे होती, दोन्ही हात पाठीशी धरून. जमुनाने तिला ढकलले नाही. जयवंताबाईंनीही बोलावले नाही. त्या खिडकीजवळ खुर्ची घेऊन रेखाचित्राचा कागद उलगडत बसल्या.

कागद उलगडून झाला तेव्हा मुलगी टेबलापाशी आलेली होती. तिने वाकून, श्वास लागणार नाही इतक्या अंतरावरून बैल सगळ्या बाजूंनी पाहिला.

“बाई, याले वेसन काहून नाई?”

“मीबी इचारलं होतं. तुह्यापेक्षा मोठी होती मी तवा.”

“मंग?”

“अजून नाई मालूम. कोनी घातली नसन, त्याले कोनी अजून बांधलं नसन. तुले काय वाटते?”

आचलने विचार केला. उत्तर बघितल्याशिवाय देता येण्यासारखे नव्हते. पाठीमागून एक हात सुटला. बोटाचे टोक आधी नाकाला लागले, मग कपाळाला, मग शिंगाला. मग दुसरा हात पुढे आला.

तिने डोके दोन्ही हातांनी उचलले. काही झाले नाही.